पहिलं पाऊल कुठे अडतं?

डिसेंबर १९७० मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यासाठी त्यांनी निवडले ते धर्मशास्त्राचे विद्यार्थी, म्हणजे उद्या चर्चमध्ये उभं राहून लोकांना करुणेची शिकवण देणारे तरुण. एकेकाला बोलावून सांगण्यात आलं, की शेजारच्या इमारतीत जाऊन तुम्हाला एक छोटंसं भाषण करायचंय. निम्म्यांना विषय दिला धर्मशास्त्र शिकलेल्यांना मिळणाऱ्या नोकऱ्यांचा. उरलेल्यांनी बोलायचं होतं बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर. लुटारूंनी मारून अर्धमेलं केलेल्या वाटसरूला पाहून याजक पुढे निघून जातो, मंदिराचा सेवक असलेला लेवीही निघून जातो आणि ज्याला सगळे परका समजत तो शोमरोनी थांबतो. जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो.

निघताना काहींना सांगितलं, अजून वेळ आहे, पण निघालात तरी हरकत नाही. काहींना सांगितलं, आता निघा. आणि काहींना सांगितलं, उशीर झालाय, तिकडे लोक केव्हाची वाट बघताहेत, पळा. दोन इमारतींमधल्या बोळात एका दाराशी एक माणूस मान खाली घालून, डोळे मिटून बसलेला होता. विद्यार्थी जवळून गेला की तो दोनदा खोकायचा आणि कण्हायचा. तो अर्थातच प्रयोगातलाच माणूस. एकूण ४० विद्यार्थी त्या बोळातून गेले. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, 'आता निघा' सांगितलेल्यांपैकी ४५ टक्के थांबले आणि घाईत असलेल्यांपैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता, यामुळे म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शोमरोन्यावर बोलायला निघालेले काही विद्यार्थी तर त्या माणसाला अक्षरशः ओलांडून पुढे गेले, अशी नोंद संशोधकांनी केली आहे.

हा प्रयोग जगभर सांगितला जातो तो बहुतेक वेळा इथपर्यंतच, आणि ऐकणारा म्हणतो, बघा, माणसं अशी असतात. पण त्या शोधनिबंधातला पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. न थांबता गेलेल्यांपैकी अनेक जण दुसऱ्या इमारतीत पोहोचले तेव्हा अस्वस्थ होते, बेचैन होते. पुढे कोणीतरी आपली वाट बघतंय, आपण त्याला शब्द दिलाय, आणि इथे हा माणूस कण्हतोय, अशा दोन जबाबदाऱ्यांच्या कात्रीत ते सापडले होते. संशोधकांनी स्वतःच लिहिलंय, की याला निष्ठुरपणा म्हणण्यापेक्षा ओढाताण म्हणणं योग्य.

पैठणच्या एकनाथांची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेले नाथ तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ते पाणी ओततात. ही कथा सांगताना आपण नाथांच्या भूतदयेशी थांबतो. पण त्यांच्या खांद्यावर कावड होती, ती रामेश्वराला पोहोचवायची होती आणि बरोबरचे यात्रेकरू बघत होते, ही बाजू तितकीच महत्त्वाची आहे. गाढवाची दया त्या सगळ्यांनाच आली असेल. खांद्यावरची कावड खाली ठेवणं नाथांना जमलं. आपल्याही खांद्यावर रोज काही ना काही असतंच: ८ वाजून १२ मिनिटांची लोकल, मुलाची शाळा सुटायची वेळ, साहेबांचा फोन. रोजच्या जगण्यातल्या छोट्या मदतीचा विचार करताना म्हणूनच 'माणूस चांगला की वाईट' या प्रश्नापेक्षा 'याचं पहिलं पाऊल कशाने अडलं' हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो. त्याची उत्तरं बऱ्यापैकी सापडली आहेत, आणि त्यांतली बरीचशी आपल्या हातात आहेत.

घाईनंतरचं मोठं कारण म्हणजे आजूबाजूची माणसं. १९६८ मध्ये डार्ली यांनीच बिब लाताने यांच्याबरोबर न्यूयॉर्कमध्ये केलेला प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असतो. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं होतं आणि ते इंटरकॉमवरून एकमेकांशी बोलत होते. मध्येच एकाला झटका येऊन त्याचा आवाज अडखळू लागतो, तो मदत मागू लागतो. हा आवाज ध्वनिमुद्रित होता, पण ऐकणाऱ्याला ते माहीत नव्हतं. 'हे फक्त मीच ऐकतोय' असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के झटका सुरू असतानाच मदतीसाठी बाहेर आले. आणखी एक जण ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ६२ टक्के. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्के.

इथेही पुढचा तपशील बघण्यासारखा आहे. जे बाहेर आले नाहीत, त्यांच्या खोलीत संशोधक गेले तेव्हा अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम आला होता. त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, की तो ठीक आहे ना, कोणी गेलंय ना त्याच्याकडे? ही माणसं बेफिकीर नव्हती. उठावं की नाही, हे ठरवण्यातच त्यांची ती मिनिटं गेली. आपण बसस्टँडवर बघतो, बाकावर एक आजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेल्या असतात. झोपल्यात की चक्कर आली आहे? आपण शेजारच्याकडे बघतो. तो शांत दिसतो, कारण तोही आपल्याकडेच बघून शांत झालेला असतो. प्रत्येकाच्या मनात शंका असते आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर 'काही नाही' असं लिहिलेलं असतं.

यावर उपाय साधा आहे आणि प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात तो शिकवतातही. 'अहो, कोणीतरी मदत करा' अशी हाक सगळ्यांना मिळून मारली की ती कोणालाच लागू होत नाही. बोट दाखवून, डोळ्यांत बघून एकेकाला काम द्यायचं. 'चष्मेवाले काका, तुम्ही १०८ ला फोन लावा. ताई, तुमच्याकडे पाणी आहे का? दादा, जरा गर्दी मागे करा, वारा लागू दे.' अशी हाक आल्यावर मागे सरणारा माणूस विरळा. त्याची द्विधा तुम्ही संपवलेली असते.

या प्रयोगांवरून 'गर्दी बधिर असते' असा निष्कर्ष मात्र काढला गेला आणि तो अर्धवट आहे. रिचर्ड फिलपॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमस्टरडॅम, इंग्लंडमधलं लँकेस्टर आणि दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या सीसीटीव्हीत टिपलेली २१९ भांडणं आणि मारामाऱ्या तपासल्या. त्यांपैकी ९१ टक्के प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. सोडवायला गेला होता, कोणाला तरी बाजूला ओढत होता, पडलेल्याला सावरत होता. आणि जितकी माणसं जास्त, तितकी कोणाची तरी मदत मिळण्याची शक्यताही जास्त होती. म्हणजे गर्दीतला एकेक माणूस कचरत असेल, पण त्या गर्दीत एखादा तरी पुढे होणारा असतोच.

आता तिसरं कारण, आणि माझ्या मते रोजच्या बारीकसारीक मदतीत सर्वांत जास्त आड येणारं. आपला अंदाज चुकतो. २०२२ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी केलेल्या अभ्यासातला एक प्रयोग शिकागोच्या मॅगी डेली पार्कात झाला. हिवाळ्याचे दिवस, बर्फावर स्केटिंग करायला आलेली माणसं. संशोधकांनी त्यांना गरम चॉकलेटचा एक पेला देऊ केला आणि सांगितलं, हा तुम्ही ठेवा किंवा इथल्या कोणाही अनोळखी माणसाला द्या. ८४ पैकी ७५ जणांनी तो दुसऱ्याला द्यायचं ठरवलं. मग देणाऱ्यांना विचारलं, घेणाऱ्याला ही गोष्ट किती मोठी वाटेल, त्याला किती बरं वाटेल? आणि घेणाऱ्यांना विचारलं, प्रत्यक्षात कसं वाटलं? दोन्ही बाबतींत देणाऱ्यांचा अंदाज कमी पडला.

असं का होतं, याचंही उत्तर त्या अभ्यासात आहे. देणारा वस्तूकडे बघतो. एक पेला चॉकलेट, त्यात काय मोठं? घेणारा माणसाकडे बघतो. या थंडीत, ओळखदेख नसताना, याला माझी आठवण झाली! आपण रोज हेच करतो. जुन्या सरांना फोन करावासा वाटतो आणि मनात येतं, उगाच त्यांना कशाला त्रास. शेजारच्या काकूंकडे पाहुणे आलेत, डबाभर पोळ्या करून द्याव्यात असं वाटतं आणि पुढच्याच क्षणी वाटतं, त्यांना आवडेल की नाही कोण जाणे. सुनेने केलेली आमटी आवडते आणि तिला तसं सांगायचं राहून जातं. हा संकोच विनयासारखा दिसतो. खरं तर ती मोजमापातली चूक आहे, आणि ती नेहमी एकाच बाजूला होते.

मदतीची रक्कम मोठी लागते, हाही तसाच एक गैरसमज. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी सकाळी काही जणांच्या हातात ५ किंवा २० डॉलर ठेवले. निम्म्यांनी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करायचे होते, निम्म्यांनी दुसऱ्या कोणावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च केलेली माणसं अधिक समाधानी होती, मग पाच दिलेले असोत की वीस. २००८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर 'दया करा, आनंदी व्हा' अशा जाहिरातवजा लेखांचं पेव फुटलं. मला ते रुचत नाही. पाण्याचा पेला तहानलेल्यासाठी असतो. देणाऱ्यालाही बरं वाटलं तर उत्तमच, पण तेवढ्यासाठी पेला भरायला सांगणं मनाला पटत नाही.

आणि दुसऱ्यांविषयीचा आपला अंदाजही चुकतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून अधिक 'हरवलेली' पाकिटं बँका, हॉटेलं, पोलीस ठाणी अशा ठिकाणी नेऊन दिली गेली. त्या देशांत भारतही होता. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते. बिनपैशांच्या पाकिटांबद्दल मालकाशी संपर्क साधणारे होते सरासरी ४० टक्के, आणि पैसे असलेल्या पाकिटांबद्दल ५१ टक्के. म्हणजे पैसे होते तेव्हा परत देणारे जास्त निघाले. याचा निकाल काय लागेल हे सामान्य लोकांना आणि नामवंत अर्थतज्ज्ञांनाही आधी विचारलं होतं. दोघांचंही भाकीत चुकलं.

घाई, गर्दी आणि चुकलेला अंदाज, या तिन्ही अडचणी आपल्या पूर्वजांनी प्रयोगशाळेत मोजल्या नव्हत्या, पण त्यांवर तोड मात्र काढून ठेवली होती. पाणपोई बघा. झाडाच्या सावलीत वाळूवर मांडलेले रांजण, भोवती ओलं फडकं, वर झाकण, झाकणावर ओगराळं. तहानलेल्याला कोणाचं दार ठोठवावं लागत नाही, 'पाणी मिळेल का' असं विचारावं लागत नाही. पाणी भरणाऱ्यालाही कोण प्यालं हे कळत नाही. तो सकाळी दोन हंडे ओतून कामाला जातो. देणारा घाईत असला तरी चालतं, घेणारा लाजरा असला तरी चालतं. मागण्याचा संकोच आणि देण्याचा संकोच, दोन्ही त्या रांजणाने काढून टाकलेले असतात. अलीकडे अनेक शहरांत उभी राहिलेली 'माणुसकीची भिंत' याच जातीची: नको असेल ते द्या, हवं असेल ते न्या. इराणमधल्या मशहदमध्ये २०१५ च्या हिवाळ्यात अशी भिंत गाजली आणि तिथून ही कल्पना दूरवर गेली. तिथे कपडे ठेवताना मात्र एवढं बघावं, की ते धुतलेले आहेत, इस्त्री केलेले आहेत, शर्टाची बटणं शाबूत आहेत. फाटकं टाकून येणं म्हणजे घरची अडगळ कमी करणं.

मुंबईच्या लोकलमध्येही अशा रीती कोणी न ठरवता पडल्या आहेत. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, आणि त्यासाठी 'जरा सरकून घ्या' एवढं पुरतं. दारातून आत आलेल्याची बॅग न विचारता वरच्या रॅकवर चढते, उतरताना हातोहात खाली येते. रोजच्या गाडीतल्या गटांत बसून आलेला माणूस अर्ध्या वाटेत उठून उभ्या असलेल्याला जागा देतो. धावत आलेल्याला दारातला हात आत ओढून घेतो, आणि त्या हाताच्या मालकाला त्याचं नाव, गाव, जात, काहीच माहीत नसतं. गर्दीच्या बसमध्ये मागे उभ्या असलेल्याचे पैसे पाच-सहा हातांतून कंडक्टरपर्यंत जातात आणि तिकीट सुट्ट्या पैशांसकट त्याच हातांतून परत येतं. मधल्या कुणाच्याही मनात येत नाही की आपण मदत केली. रीत पडली की विचार करावा लागत नाही, आणि विचार करावा लागला नाही की पाऊल अडत नाही. आषाढी वारीच्या वाटेवर कोणी दाढी करून देतं, कोणी तुटलेली चप्पल शिवून देतं, कोणी पाय चेपतं. समोरचा कोण हे विचारायचंच नसतं, तो माउली असतो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. अडकलेल्यांना लोकांनी घरात घेतलं, कोरडे कपडे दिले, रस्त्यात उभं राहून चहा आणि बिस्किटांचे पुडे वाटले. एरवी लिफ्टमध्ये एकमेकांकडे न बघणारी माणसं ती हीच. त्या रात्री कोणालाही कुठे पोहोचायचं नव्हतं, कारण पोहोचणं शक्यच नव्हतं. गरज कोणाला आहे हे डोळ्यांसमोर होतं, आणि 'त्यांना आवडेल का' हा प्रश्नच उरला नव्हता. तिन्ही अडथळे पाण्यात गेले होते. 'संकटात माणुसकी जागी होते' असं आपण म्हणतो, पण ती जागीच असते, संकटात तिची वाट मोकळी होते.

एक अडथळा मात्र मनातला नव्हता, तो खराखुरा होता, आणि त्याने आपल्याकडे फार जीव घेतले. रस्त्यात अपघात झालेल्या माणसाला हात लावायचा तर पोलीस, जबाब, कोर्टाच्या तारखा आणि दवाखान्यात 'आधी पैसे भरा' हे सगळं मागे लागायचं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. 'सेव्हलाइफ फाउंडेशन' या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत ७४ टक्के लोक म्हणाले होते, की अपघातग्रस्ताला मदत करायला आपण पुढे होण्याची शक्यता कमी. त्यांतल्या ८८ टक्के लोकांनी कारण सांगितलं पोलीस आणि कोर्टकचेरीचं. ही संस्था उभी केली पीयूष तिवारी यांनी. २००७ मध्ये त्यांचा नात्यातला एक तरुण भाऊ दिल्लीत रस्त्याकडेला जखमी पडला होता आणि वेळेत मदत न मिळाल्याने गेला. संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ ला केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक रूप दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं.

हे कलम प्रत्येकाला माहीत असायला हवं. सद्हेतूने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्या माणसाला झालेल्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर द्यायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत आणि दवाखानाही करू शकत नाही. जखमीला दाखल केलं, की तुम्ही निघून जाऊ शकता. उपचाराचे पैसे तुमच्याकडे मागता येत नाहीत. साक्षीदार व्हायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. शिवाय गंभीर अपघातातल्या माणसाला पहिल्या मोलाच्या तासात दवाखान्यात पोहोचवून त्याचा जीव वाचवणाऱ्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये ५,००० रुपयांचं बक्षीस ठेवलं होतं, २०२५ मध्ये 'राहवीर' योजनेत ते २५,००० झालं. बक्षिसापेक्षा नाव न सांगण्याची मुभा मला अधिक मोलाची वाटते, कारण अडथळा भीतीचा होता.

आणि घाईत असलेल्यालाही करता येण्याजोगं पुष्कळ असतं. १०८ किंवा ११२ ला फोन करून जागा नेमकी सांगायची: कुठला महामार्ग, कोणत्या दिशेची मार्गिका, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा ढाबा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा ओढणी जखमेवर घट्ट दाबून धरायची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. आगीचा किंवा मागून येणाऱ्या गाड्यांचा धोका नसेल तर त्याला उगाच उचलायचं नाही, मान वाकवायची नाही. गाडी आडवी लावून, फांदी ठेवून मागच्यांना सावध करायचं. एवढ्यानेही फरक पडतो.

लहान मुलांना हे कसं शिकवायचं, असं पालक विचारतात. उत्तर थोडं अनपेक्षित आहे. २००६ मध्ये फेलिक्स वॉर्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर साधी कामं केली. दोरीवर कपडे वाळत घालताना चिमटा खाली पडला आणि हात पुरत नाही. दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा आहे आणि कपाटाचं दार उघडत नाही. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी मदत केली, आणि बहुतेक वेळा कोणी मागायच्या आत. पुढच्या अभ्यासात त्यांना आढळलं, की मदतीबद्दल खेळणं बक्षीस मिळालेली मुलं नंतर कमी मदत करू लागली. 'आजीला चष्मा आणून दे, चॉकलेट देते' असं आपण किती सहज म्हणतो! आजीला चष्मा मिळाला आणि ती हसली, एवढं त्या वयाला पुरतं. जे आहेच, ते टिकू द्यायचं, एवढंच मोठ्यांचं काम.

सहज केलेली मदत म्हणजे न विचारता केलेली मदत मात्र नव्हे. स्टेशनवर पांढरी काठी घेतलेल्या माणसाचा दंड धरून त्याला फरफटत पलीकडे नेणारे लोक मी अनेकदा पाहिले आहेत. हेतू चांगलाच असतो, पण अचानक कोणी हात धरला की न दिसणारा माणूस दचकतो, त्याचा अंदाज चुकतो आणि तोल जातो. शेजारी उभं राहून आधी बोलावं: 'मी दादरला उतरतोय, तुम्हाला जिन्यापर्यंत सोबत करू का?' तो हो म्हणाला, तर आपला हात पुढे करावा आणि त्याला आपल्या कोपराच्या वर धरू द्यावं. आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं, म्हणजे वळण आणि पायरी त्याला आपल्या हालचालीतूनच कळते. जिना आला की चढायचा आहे की उतरायचा ते सांगायचं. निरोप घेताना कठडा कुठल्या हाताला आहे ते सांगूनच हात सोडायचा. आणि तो 'नको' म्हणाला, तर ते 'नको' मानायचं. चाकाच्या खुर्चीचंही तेच, ती त्या माणसाच्या शरीराचा भाग समजावी आणि विचारल्याशिवाय ढकलू नये. मदत घेणाऱ्याचा फोटो काढून मित्रमंडळींत फिरवणं तर पूर्णपणे टाळावं. भुकेला माणूस त्या क्षणी नकार देण्याच्या स्थितीत नसतो.

राहिली गोष्ट मागण्याची. आपण मदत मागायला फार कचरतो, आणि घरातून शिकवलंही तसंच जातं: कोणाचे उपकार नकोत. पण मागणाऱ्याचा अंदाजही देणाऱ्यासारखाच चुकतो. शुआन झाओ आणि एप्ली यांच्या २०२२ च्या अभ्यासात अनोळखी माणसाला 'माझा फोटो काढून द्याल का' एवढं विचारायला निघालेल्यांना वाटत होतं, की समोरच्याची गैरसोय होईल. समोरच्यांना प्रत्यक्षात मदत करायची इच्छा जास्त होती आणि केल्यावर आनंदही जास्त झाला. सत्तरच्या दशकात स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या मेट्रोत पाठवलं होतं. बसलेल्या प्रवाशापुढे उभं राहून, काहीही कारण न देता एवढंच विचारायचं, की मला तुमची जागा मिळेल का? ६८ टक्के वेळा प्रवासी उठले किंवा सरकले. विद्यार्थ्यांना मात्र तोंडातून शब्द काढणं जिवावर आलं. मिलग्रॅम स्वतः गेले तेव्हा त्यांचीही जीभ टाळूला चिकटली.

गरोदरपणाचे पहिले महिने बाहेरून दिसत नाहीत. केमोथेरपी घेऊन निघालेल्या माणसाचा थकवा प्रत्येक वेळी चेहऱ्यावर येत नाही. अशी किती तरी माणसं विरारपासून चर्चगेटपर्यंत दांडी धरून उभी राहतात, समोरच्यांना आपणहून कळेल या आशेवर. समोरची बाई मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असते, आणि ती मनाने वाईट असते म्हणून नव्हे, तर तिला कळलेलंच नसतं म्हणून. 'ताई, माझं नुकतंच ऑपरेशन झालंय, थोडा वेळ बसू का?' एवढं एक वाक्य मोठ्याने म्हणावं. न्यूयॉर्कमध्ये कारण न सांगताही तिघांतले दोघं उठले किंवा सरकले होते. जिथे चौथ्याला सरकून जागा द्यायची रीतच आहे, त्या डब्यात ती ताई तर उठेलच, तिच्या शेजारची तुमची पिशवीही मांडीवर घेईल.